दुःखाला दाद, रागाला हुर्यो : शिनेड ओ'कॉनरच्या एका अल्बमची समीक्षा कशी वाचावी

तुम्ही अमळनेरहून विचारले आहे की, महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरच्या 'आय डू नॉट वाँट व्हॉट आय हॅव्हन्ट गॉट' या १९९० सालच्या अल्बमवर लेख लिहायला घेतला, त्यासाठी जुनी आणि नवी परीक्षणे वाचून काढली, आणि गोंधळ झाला. जुने समीक्षक तिच्या दुःखाविषयी लिहितात, नवे तिच्या धैर्याविषयी. गाणी तीच असताना दोन पिढ्यांनी जणू दोन वेगळे अल्बम ऐकले, तर यातले कोणाचे खरे मानायचे, असा तुमचा प्रश्न आहे. मी गेली पस्तीसेक वर्षे जळगावात राहून संगीतावर लिहितो आहे आणि या अल्बमविषयी स्वतःही एकदा चुकीचे लिहून बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगतो. दोन्ही पिढ्यांनी अल्बमचा अर्धाच भाग ऐकला. या गायिकेच्या बाबतीत खासगी दुःख आणि सार्वजनिक राग या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, ती एकाच गळ्यातून, एकाच कारणाने निघालेली गोष्ट आहे. १९९० च्या समीक्षेने त्यांतले दुःख उचलले आणि राग बाजूला ठेवला. आजची समीक्षा राग उचलते आणि गाण्याला त्या रागाचे प्रास्ताविक समजते. तुमच्या लेखाला काही नवे सांगायचे असेल, तर ते या फटीत सापडेल.

त्या काळी अल्बमचे स्वागत थंड झाले, असा समज करून घेऊ नका. मार्च १९९० मध्ये तो आला, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि अमेरिकेत सहा आठवडे तिथेच राहिला. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाच्या वार्षिक मतदानात अमेरिकी समीक्षकांनी त्याला त्या वर्षातला दुसरा अल्बम ठरवले. पहिला मान नील यंगला मिळाला. एमटीव्ही या संगीतवाहिनीचा वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार तिला मिळाला आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्काराची चार नामांकने आली. ती सगळी तिने व्यापारीकरणाच्या निषेधार्थ नाकारली. तरीही 'अल्टरनेटिव्ह' या त्या वर्षी नव्याने सुरू झालेल्या विभागाचा पुरस्कार तिलाच जाहीर झाला आणि तिने तो घेतला नाही. तेव्हा प्रश्न कौतुकाचा नव्हताच, कौतुक कशाचे झाले हा होता.

कौतुक मुख्यतः एका गाण्याचे आणि एका अश्रूचे झाले. 'नथिंग कम्पेअर्स टू यू' हे गाणे तिचे नव्हे. अमेरिकी गायक प्रिन्सने ते लिहिले आणि १९८५ साली 'द फॅमिली' या गटाच्या अल्बमवर ते आधीच येऊन गेले होते. जॉन मेबरीने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत मुंडण केलेल्या डोक्याचा, काळ्या कपड्यांतला तो चेहरा जवळून दिसतो आणि शेवटाकडे डोळ्यांतून पाणी ओघळते. हे पाणी प्रियकरासाठी आहे, असे जगाने गृहीत धरले. ते आईसाठी होते, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. १९८५ मध्ये तिची आई मोटार अपघातात गेली होती. त्याच आईने लहानपणी तिचा अतोनात छळ केला होता. छळणाऱ्याच्या मृत्यूवर रडणारी मुलगी ही गोष्ट प्रेमभंगापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि १९९० च्या परीक्षणांमध्ये ती जवळपास कुठेच नाही. अर्थात तो सगळा दोष समीक्षकांचा नव्हे, कारण हा तपशील लोकांपुढे हळूहळू आला. पण जे अल्बममध्येच होते, तेही त्यांनी ऐकले नाही, हे मला अधिक गंभीर वाटते.

ते न ऐकलेले गाणे म्हणजे 'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स'. तुम्ही तुमच्या पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख केला आहे. माझ्या मते तेच या अल्बमचे हृदय आहे. १९८९ मध्ये लंडनमध्ये मोपेडवरून जाणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा, गाडी चोरीची असावी या संशयाने, पोलिसांनी पाठलाग केला आणि त्यात त्याचा जीव गेला. गाडी त्याची स्वतःचीच होती. हे गाणे त्या घटनेवर आहे. अल्बमच्या आतल्या कागदावर दुसऱ्या एका तरुणाच्या आईवडिलांचे छायाचित्र छापलेले आहे, ते कॉलिन रोच याचे. १९८३ मध्ये लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन पोलीस ठाण्यात बंदुकीच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला होता. गाण्यात मार्गारेट थॅचर यांचे नाव येते, बीजिंगमध्ये नुकत्याच झालेल्या हत्याकांडाचा संदर्भ येतो, आणि दुसऱ्याच्या देशातल्या जुलमावर हळहळणाऱ्या राज्यकर्त्यांना स्वतःच्या पोलिसांकडे बघायला सांगितले जाते. थॅचर तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या, त्यामुळे ही टीका वर्तमानावरची होती, इतिहासावरची नव्हती.

आता हे गाणे कसे गायले आहे, ते ऐका. ड्रम नाहीत, विजेची गिटार नाही. एक साधी गिटार आणि एक आवाज, तोही इतका हळू की झोळीतल्या पोराला निजवताना आई गुणगुणते तसा. या गाण्यातली बाई घोषणा देत नाही. ती म्हणते की, आपल्या लेकराला शोक ही वस्तू इतक्या लवकर कळू नये, म्हणून तिला हा देश सोडायचा आहे. शिनेडचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. म्हणजे राजकारण या गाण्यात बाहेरून आणून चिकटवलेले नाही. ते एका आईच्या धास्तीतून आले आहे. ज्या समीक्षकांनी अल्बमची 'वैयक्तिक' आणि 'राजकीय' अशी वाटणी केली, त्यांनी हे गाणे दुसऱ्या खान्यात टाकले आणि तिथे ते एकटे पडले. मीही तेच केले होते. इथल्या एका साप्ताहिकात १९९१ साली लिहिलेल्या परीक्षणात मी तिच्या आवाजावर तीन परिच्छेद खर्च केले आणि या गाण्याला 'विषयांतर' म्हटले. तो शब्द आजही मला बोचतो.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे आणि संगीतावर लिहिणाऱ्याने ते सोडता कामा नये. 'आय अ‍ॅम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह' हे सतराव्या शतकातल्या एका अनामिक आयरिश विलापगीताचे इंग्रजी रूप आहे. भाषांतर फ्रँक ओ'कॉनर या आयरिश लेखकाचे आणि चाल फिलिप किंग यांची. प्रियजनाच्या कबरीवर आडवे पडून केलेला हा आक्रोश शिनेड जवळजवळ एकटीच्या आवाजात गाते, पण त्याखाली जो ताल चालू आहे तो आयर्लंडचा नाही. तो अमेरिकी कृष्णवर्णीय गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यातला, क्लाइड स्टबलफील्ड या ढोलवादकाने वाजवलेला तुकडा आहे, आणि त्या वर्षांत अमेरिकेतल्या रॅप गटांनी तो पुन्हा पुन्हा वापरला होता. शेवटी स्टीव्ह विकहॅमचे फिडल येते आणि शोकगीताचे रूपांतर नाचात होते. १९८९ च्या ग्रॅमी समारंभात रॅपचा पुरस्कार दूरचित्रवाणीवर दाखवणार नाहीत, म्हणून शिनेडने 'पब्लिक एनिमी' या गटाचे चिन्ह आपल्या डोक्यावर रंगवून गाणे म्हटले होते, हे लक्षात घेतले की तो ताल निव्वळ फॅशन म्हणून आलेला नाही, हे कळते. एका वसाहत झालेल्या देशाचे जुने रडणे आणि गुलामीतून आलेल्या लोकांचा नवा ताल तिने शेजारी शेजारी बसवला, आणि त्याबद्दल शब्दांत काहीही म्हटले नाही. शब्दांत म्हटले नाही म्हणून बहुतेकांनी ते राजकारण मानलेच नाही. गाण्यातले राजकारण फक्त शब्दांत शोधणे ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी खोड आहे.

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो भुसावळच्या मामांनी मुंबईहून भरून आणलेल्या कॅसेटवर. माझी आजी, जिला अहिराणीपलीकडे भाषा येत नव्हती, ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती. या विलापाच्या वेळी तिने हात थांबवले आणि कोणी मेले आहे का, असे विचारले. अल्बमच्या शेवटच्या, शीर्षकाच्या गाण्यात एकही वाद्य नाही, फक्त आवाज आणि मधूनमधून श्वास. ते सुरू झाल्यावर ती म्हणाली, "बाजा कसाले बंद पडना रे?" मी सांगितले की बाजा बंद पडलेला नाही, ती बाई एकटीच गाते आहे. मग आजी शेवटपर्यंत ऐकत राहिली. समीक्षेच्या ओघात हे सांगण्याचे कारण असे की, खानदेशातल्या श्रोत्याला हा अल्बम समजायला परका नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे मुली गुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांत सासूची तक्रार असते, नवऱ्याच्या माराचा उल्लेख असतो, माहेरची ओढ असते. प्रत्येक तक्रार एका घरातली, पण म्हणताना ती आळीतल्या सगळ्या घरांपुढे म्हटली जाते आणि ऐकणाऱ्या प्रत्येक सासूला ती कळते. ती खासगी की सार्वजनिक, असा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

बहिणाबाई चौधरींच्या बाबतीतही आपण हीच वाटणी केली, असे मला वाटते. त्या असोद्याच्या, जळगावात नांदलेल्या. १९५१ मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता पुस्तकरूपाने आली. स्वागत अपूर्व झाले, आणि ते योग्यच होते. पण निरक्षर शेतकरी बाईच्या तोंडून जीवनाचे तत्त्वज्ञान आले, या नवलातच ते बरेचसे अडकले. तरुणपणी विधवा झालेल्या बाईकडे समाज कसा बघतो आणि ती त्याला काय उत्तर देते, हा त्या कवितेतला धारदार भाग 'सोशिकपणा' या शब्दाखाली झाकला गेला. बाईच्या दुःखाचे कौतुक करणे सोपे असते, कारण दुःख ऐकणाऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही. तिच्या रागाला मात्र द्यावे लागते.

शिनेडच्या बाबतीत ते उत्तर कसे दिले गेले, हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण लेखात त्याचा क्रम नीट मांडा. ऑगस्ट १९९० मध्ये न्यू जर्सीतल्या मैफलीआधी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवायला तिने नकार दिला, तेव्हा पहिली नाराजी उसळली. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या थेट प्रक्षेपणात तिने बॉब मार्लीचे 'वॉर' गायले, त्यात मुलांवरील अत्याचाराचे शब्द घातले आणि कॅथलिक चर्चचे प्रमुख पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र फाडले. न्यूयॉर्कमध्ये तिच्या कॅसेटी आणि तबकड्यांवर रोलर फिरवला गेला. १६ ऑक्टोबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या कारकिर्दीला तीस वर्षे झाली म्हणून मोठी मैफल होती. तिथे तिच्यावर हुर्यो उडवली गेली आणि तिने ठरलेले गाणे सोडून पुन्हा 'वॉर' च म्हटले. निषेधाच्या गाण्यांनी मोठ्या झालेल्या कवीच्या सन्मानाला जमलेल्या लोकांनी हे केले, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

आणि ते छायाचित्र कुठले होते? ते तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचे होते. आई गेल्यावर तिने ते काढून स्वतःजवळ ठेवले होते, असे तिने २०२१ च्या आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. म्हणजे ज्या आईसाठी १९९० च्या व्हिडिओत अश्रू आला आणि जगाने टाळ्या वाजवल्या, त्याच आईच्या भिंतीवरचा कागद १९९२ मध्ये फाटला आणि जगाने दगड उचलले. अश्रू आणि फाडणे यांचे मूळ एकच. पहिले समजून न घेता त्याचे कौतुक केलेल्या समीक्षेकडे दुसरे समजावून सांगायला शब्दच उरले नव्हते. दोन वर्षांपूर्वी कोणी जाहीरपणे लिहिले असते की, या अल्बममधले सगळे दुःख लहान मुलांवर मोठ्यांनी चालवलेल्या सत्तेविषयी आहे, तर त्या रात्री काही श्रोते तरी गोंधळले नसते.

पुनर्मूल्यांकन उशिरा आले. आयर्लंडमध्ये कॅथलिक चर्चमधल्या मुलांवरच्या अत्याचारांवर २००९ साली दोन मोठे चौकशी अहवाल प्रसिद्ध झाले, आणि ती काय सांगत होती हे अनेकांना कळले. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या सर्वकालीन पाचशे अल्बमांच्या २००३ आणि २०२० च्या दोन्ही याद्यांत हा अल्बम आहे. 'टाइम' साप्ताहिकाने २०२० मध्ये गेल्या शंभर वर्षांतल्या प्रत्येक वर्षासाठी एक स्त्री निवडली, तेव्हा १९९२ साठी तिचे नाव आले. २०२२ मध्ये कॅथरिन फर्ग्युसन यांचा माहितीपट आला. त्यात तिच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याला परवानगी मिळाली नाही, तरीही तो उभा राहतो, कारण बाकीची गाणी स्वतःच्या पायावर उभी आहेत. २६ जुलै २०२३ रोजी तिचे निधन झाले आणि त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी तिला द्रष्टी म्हटले.

या नव्या कौतुकाविषयीही सावध राहा. तुम्ही वाचलेल्या नव्या परीक्षणांमध्ये अल्बमचे वय, गाण्यांचा क्रम, आवाजाची पट्टी, वाद्यमेळ यांविषयी जवळपास काहीच नाही. ती परीक्षणे १९९२ च्या रात्रीपासून मागे चालत येतात आणि अल्बममध्ये त्या रात्रीची चाहूल शोधतात. तिचे म्हणणे पुढे खरे ठरले म्हणून गाणे चांगले, हा निकष कलेच्या बाबतीत टिकणारा नाही. याचे उत्तम उदाहरण 'बीटल्स' गटातल्या जॉन लेननचे आहे. १९७० चा त्याचा 'प्लास्टिक ओनो बँड' हा अल्बम आईवडिलांच्या अभावाचे रडणे आणि कामकरी वर्गाचा राग एकाच उघड्यावाघड्या आवाजात मांडतो, आणि तो आजही थरारून सोडतो. १९७२ चा 'सम टाइम इन न्यूयॉर्क सिटी', ज्याचे वेष्टनच वर्तमानपत्रासारखे होते, अटक, तुरुंग, आयर्लंड अशा एकेका बातमीवर गाणी रचतो. त्यातल्या अनेक बाजू न्याय्य होत्या, तरीही 'रोलिंग स्टोन' ने त्याला झोडपले आणि माझ्या मते बरोबर झोडपले. पहिल्या अल्बममध्ये राग माणसाच्या छातीतून आला होता, दुसऱ्यात तो सकाळच्या पेपरातून. शिनेडचा अल्बम पहिल्या जातीचा आहे, हे सिद्ध करायचे तर ते तिच्या गाण्यावरूनच करावे लागेल, पोपच्या छायाचित्रावरून नव्हे.

अल्बममधल्या उणिवाही लिहा. 'जंप इन द रिव्हर' हे गाणे आधीच, १९८८ मध्ये, एका चित्रपटासाठी वापरले गेले होते आणि इथे ते पाहुण्यासारखे बसले आहे. त्याचा गिटारचा गदारोळ आजूबाजूच्या शांततेशी जुळत नाही. 'यू कॉज अ‍ॅज मच सॉरो' चे शब्द तिच्या बाकीच्या लेखनाच्या मानाने ढोबळ आहेत. अल्बम एकसंध नाही, हा काही जुन्या समीक्षकांचा आक्षेप म्हणूनच मी पूर्ण फेटाळत नाही. उलट सुरुवातीचे 'फील सो डिफरंट', जे एका प्रार्थनेच्या उच्चाराने सुरू होते आणि जवळजवळ सात मिनिटे केवळ तंतुवाद्यांच्या आधारावर चढत जाते, त्याला मिळायला हवी होती तेवढी दाद कधीच मिळाली नाही.

कामाच्या दोन गोष्टी आणि थांबतो. परीक्षणे वाचताना प्रत्येकावर तारीख टिपून ठेवा आणि ते ऑक्टोबर १९९२ च्या आधीचे की नंतरचे, अशी चळत लावा. मग प्रत्येकात तिच्या डोक्याविषयी किती वाक्ये आहेत आणि मोपेडच्या गाण्याविषयी किती, ते मोजा. तुमच्या लेखाचा पहिला भाग त्या मोजणीतूनच तयार होईल, आणि तो कोणाचे मत उसने न घेता होईल. लेखाची सुरुवात प्रिन्सच्या गाण्यापासून करू नका. 'थ्री बेबीज', मोपेडचे गाणे आणि कबरीवरचा विलाप ही तीन गाणी एकापाठोपाठ लावा आणि तिन्हींत मूल कुठे आहे, ते शोधा. शीर्षकगीत मात्र घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला ऐकवा, शब्दांचा अर्थ न सांगता, आणि ती काय म्हणते ते तिच्याच बोलीत लिहून घ्या. कच्चा खर्डा झाला की पाठवून द्या. कोजागिरीपर्यंत मी जळगावातच आहे.